देवाला फाटा, बोटीला मेन लाइन

(धनुष्कोडीची पुळण आणि तिथली रेल्वे या विषयावरचं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, रामेश्वरला जाऊन आलेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर या सभागृहातले निम्मे हात वर जातील. त्यातल्या बहुतेकांनी धनुष्कोडीही पाहिलं असेल. यात्रा कंपन्यांच्या कार्यक्रमात ते आता ठरलेलंच असतं. सकाळी देवळातल्या २२ तीर्थांचं स्नान, मग दर्शन, जेवण, आणि दुपारची झोप मोडून धनुष्कोडी. बस टोकाला वळसा घालते, अशोकस्तंभापाशी फोटो होतात, परतताना पडक्या चर्चजवळ थोडा वेळ थांबतात. कोणीतरी सांगतं की इथे १९६४ च्या वादळात अख्खी आगगाडी वाहून गेली. सगळे हळहळतात आणि चहाला जातात.

ही हळहळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यापायी एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्याच वादळात रामेश्वरच्या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूलही मोडला होता. भर समुद्रातला, दोन किलोमीटरहून लांब. तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. मग धनुष्कोडीची लाइन पुन्हा का घातली नाही? ती तर वाळूवरून जात होती, पाण्यात खांब रोवायचे नव्हते. वादळाने गाव नेलं, एवढं उत्तर मला पुरत नाही. वादळात उद्ध्वस्त झालेली गावं आपल्या पूर्व किनाऱ्यावर पुन्हा वसली आहेत. धनुष्कोडी का वसलं नाही, याचं उत्तर वादळापेक्षा रेल्वेच्या नकाशात जास्त आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपम आहे. तिथून चिंचोळा समुद्र ओलांडला की पांबन बेट. बेटाच्या रुंद भागात पांबन आणि रामेश्वर ही दोन गावं, आणि तिथून आग्नेयेला समुद्रात गेलेला वाळूचा एक लांबच लांब दांडा. धनुष्कोडी या दांड्याच्या टोकाकडे. कोकणातल्या माणसाला दांडा म्हणजे काय ते सांगायला नको. फक्त आपल्याकडे दांड्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असते. इथे दोन्हीकडे समुद्रच. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, म्हणजे बंगालच्या उपसागराचं पाणी, आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. मधे ही पुळण. मोजक्या जागी खुरटी झुडपं, सुरूची लागवड, पाणथळ, आणि बाकी नजर जाईल तिथवर पांढरट वाळू.

तिथले कोळी या दोन पाण्यांना बाईचा समुद्र आणि बाप्याचा समुद्र म्हणतात. उत्तरेकडचा शांत तो बाईचा, दक्षिणेकडचा उसळता तो बाप्याचा. ऐकायला मजेशीर वाटतं, पण त्यात सरसकट सत्य नाही. नैऋत्य मोसमी वारे चालू असतात तेव्हा आखाताची बाजू खवळलेली असते आणि उत्तरेचं पाणी तळ्यासारखं पडून राहतं. ऑक्टोबरनंतर ईशान्येचा वारा सुरू झाला की पारडं फिरतं. बाई रागावते. दांडा तयार झाला तोही या आलटून पालटून येणाऱ्या वाऱ्यांमुळेच. एका हंगामात लाटा वाळू एका बाजूने लोटतात, दुसऱ्या हंगामात दुसऱ्या. त्यामुळे टोकाचा आकार कायम बदलत असतो. पुढे पाण्याखाली वाळूचे उंचवटे श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत गेले आहेत. आपण त्यांना रामसेतू म्हणतो. तिथे पाणी इतकं उथळ आहे की मोठं जहाज जाऊ शकत नाही, त्याला श्रीलंकेला वळसा घालून जावं लागतं. ही उथळ जागा लक्षात ठेवा, कारण रेल्वेची सगळी कथा तिच्यामुळे घडली.

एक गोष्ट मात्र गोड्या पाण्याची, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन्हीकडे खारं पाणी, पायाखाली वाळू, आणि तरी इथली माणसं वाळूत हातभर खड्डा खणून पिण्याचं पाणी काढतात. यात्रेकरूंना त्यात चमत्कार दिसतो, वाहनचालक तो सीतामाईच्या नावावर सांगतात. कारण सरळ आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. समुद्राचं पाणी त्याच्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे मुरलेलं गोडं पाणी खाली न जाता खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, वाळूच्या कणांमुळे दोन्ही चटकन मिसळतही नाहीत. मात्र हा थर पातळ असतो. हावरटपणे खोल खणलं किंवा पंप लावून उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि खड्डा बाद होतो. म्हणून तिथल्या बायका वाटीने पाणी घेतात, सावकाश, आणि खड्डा भरायला वेळ देतात. अशा जागेवर मोजकी घरं राहू शकतात. मोठं गाव वसवायचं तर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. पडक्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचे अवशेष दिसतात ना, त्याच्याकडे जरा या नजरेने बघा. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं ते वाटीने देऊन भागत नाही.

आता या वाळूशी आपला मराठी माणसांचा संबंध. नाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेले एकनाथ, वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि त्याच्या तोंडात ओतलेलं ते पाणी. आपण त्यात भूतदया पाहतो, ते बरोबरच आहे. पण त्या कावडीचं अंतर कधी मनात मोजून पाहा. काशी ते रामेश्वर, पायी, खांद्यावर पाणी. महिनोन्‌महिने. यात्रेची दुसरी बाजू वाळूची. सेतूवरची वाळू घ्यायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, तिथून गंगाजल आणून रामेश्वराला अभिषेक करायचा, तेव्हा यात्रा पुरी. धनुष्कोडीला दोन समुद्रांच्या संगमावर स्नान झाल्याशिवाय काशीयात्रेचं फळ नाही, असं आपल्या आज्या म्हणत. म्हणजे रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून माणसं या पुळणीवर येत होती. पांबनला होडीने उतरत, पुढे बैलगाडी किंवा पायपीट. १८९७ च्या जानेवारीत विवेकानंद परदेशातून परतले ते कोलंबोमार्गे, आणि भारताच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवलं ते पांबनलाच. रामनादचे राजे भास्कर सेतुपती त्यांच्या स्वागताला हजर होते. तेव्हा पूल नव्हता.

साहजिकच आपल्याला वाटतं की रेल्वे आली ती या यात्रेकरूंसाठी. इथेच आपण फसतो.

साउथ इंडियन रेल्वे कंपनीला कोलंबोला पोचायचं होतं. कोलंबो तेव्हा मोठं बंदर, टपालाच्या आणि उतारूंच्या जहाजांचा थांबा. मद्रासहून कोलंबोला जायचं तर गाडीने तुतिकोरीनला जायचं, तिथे जहाज पकडायचं. तुतिकोरीनचा किनारा उथळ, जहाज दूर समुद्रात नांगरलेलं, त्याच्यापर्यंत लहान बोटीतून हेलकावे खात जायचं, आणि मग रात्रभराचा प्रवास. या जहाजाला जोडलेली गाडी म्हणून तिचं नाव बोट मेल. नकाशावर पाहिलं तर धनुष्कोडी ते श्रीलंकेचं तलाईमन्नार हे अंतर तीसेक किलोमीटर. कोणाही रेल्वे अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं असतं तेच आलं. सेतूच्या उथळ वाळूवरूनच रूळ टाकून सरळ सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जावं, असाही विचार झाला होता. खर्चापायी तो मागे पडला. त्याऐवजी ठरलं की दोन्ही टोकांपर्यंत गाडी न्यायची आणि मधला तुकडा आगबोटीने पार करायचा.

त्यासाठी पांबनचा पूल लागणार होता. १९११ मध्ये काम सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला तो खुला झाला. १४३ खांब. समुद्रावरचा भारतातला पहिला पूल. मधला गाळा जहाजांसाठी उघडणारा, शिकागोच्या शेरझर नावाच्या अभियंत्याच्या पद्धतीचा. बहुतेक उघडणारे पूल बिजागरीवर फिरतात. शेरझरच्या पुलाचं बूड गोलाकार असतं, आणि झुलती खुर्ची मागे रेलावी तसा प्रत्येक अर्धा भाग मागे लोळत वर उठतो. मागच्या बाजूला वजन ठेवून तोल साधलेला, म्हणून माणसांच्या हातांनी तो उघडता येई. मोटारीची गरज नव्हती. रेल्वेचे कामगार दोन्ही बाजूंना हँडल फिरवत आणि शेकडो टनांचं लोखंड वर जाई. हे मी कधीही सांगताना रंगतो, तेव्हा आवरतं घेतो.

आता नकाशा नीट ऐका. पूल ओलांडून गाडी पांबनला येई. पांबन जंक्शन होतं. तिथून दोन रूळ फुटत. एक रामेश्वरला. दुसरा दक्षिणेकडच्या अंगाने सरळ धनुष्कोडीला. मद्रासहून आलेली बोट मेल कुठे जाई? धनुष्कोडीला. रामेश्वर फाट्यावर होतं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, चार धामांपैकी एक, आणि रेल्वेच्या लेखी तो एक फाटा. मेन लाइन बोटीला गेली होती. धनुष्कोडीच्या लाइनवर मधे रामेश्वरम रोड नावाचं स्टेशन होतं. ‘रोड’ असं शेपूट असलेलं स्टेशन म्हणजे मूळ गाव लांब आहे, हे आपल्याला डहाणू रोडपासून ठाऊक आहे. याच लाइनचा एक किस्सा सगळ्यांना माहीत असतो. दुसऱ्या महायुद्धात गाडीचा थांबा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली फेकत. ते गोळा करणाऱ्या चुलतभावाला एक मुलगा मदत करी आणि त्याची त्याला पहिली कमाई मिळाली. तो मुलगा म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम.

धनुष्कोडीला काय होतं? धक्का. धक्क्याला लागलेली आगबोट. कस्टमचं कार्यालय, बंदराचं कार्यालय, टपाल, रेल्वेचा दवाखाना, शाळा, चर्च, देऊळ, धर्मशाळा. आजूबाजूला कोळ्यांची वस्ती. मद्रासच्या एग्मोर स्टेशनात कोलंबोचं तिकीट मिळे, एकच तिकीट: गाडी, बोट, पलीकडे तलाईमन्नारहून पुन्हा गाडी. या मार्गावर चालणाऱ्या दोन आगबोटींची नावं गोशेन आणि आयर्विन. मद्रासचा एक गव्हर्नर, हिंदुस्थानचा एक व्हाइसरॉय. साहेबांच्या नावाच्या बोटी, पहिल्या वर्गाचे सलून, धक्क्यावर चहा. बोट मेलबद्दल जे काही हळवं लिहिलं जातं, ते या पहिल्या वर्गाबद्दल असतं.

गाडी भरत होती ती मात्र तिसऱ्या वर्गाने. सिलोनच्या डोंगरांत चहाचे मळे होते आणि मळ्यांना मजूर हवे होते. ते येत रामनाद, तिरुनेलवेली, तिरुचिरापल्ली, मदुराई या दुष्काळी पट्ट्यांतून. त्यांना गोळा करणारा मुकादम, त्याला तिकडे कंगाणी म्हणतात, गावोगाव फिरून उचल देई आणि टोळी घेऊन निघे. या टोळ्या सरळ बोटीवर चढत नसत. मंडपमला एक छावणी होती. भारताच्या भूमीवर, पण चालवत होतं सिलोन सरकार. प्लेग आणि कॉलरा बेटावर जाऊ नये म्हणून मजुरांना तिथे अडकवून ठेवत, तपासत, लस टोचत, नोंद करत, आणि मग पुढच्या गाडीत भरत. मंडपम कॅम्प हे स्टेशनचं नाव आजही आहे. गाडी तिथून जाते तेव्हा डब्यातली माणसं पूल कधी येतो म्हणून खिडकीशी गर्दी करून असतात, पाटीकडे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या मते या सगळ्या मार्गावरची सगळ्यात महत्त्वाची पाटी तीच आहे. पूल, धक्का, बोटी, धनुष्कोडीची शाळा आणि दवाखाना, हा सगळा डोलारा या माणसांच्या ये-जा करण्यावर उभा होता.

तो डोलारा वादळाच्या आधीच कलायला लागला होता. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यात मळ्यांवरच्या बहुतेक तमिळ मजुरांना नागरिकत्व मिळालं नाही. एका देशाच्या दोन गावांत जावं तसं जाणं-येणं संपलं. पारपत्र आलं, परवाने आले. आणि ३० ऑक्टोबर १९६४ ला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. सुमारे ५,२५,००० माणसं भारताने परत घ्यायची, ३,००,००० सिलोनने ठेवायची, उरलेल्यांचं नंतर बघू. तारीख पाहा. त्यानंतर आठ आठवडेही झाले नाहीत तोच वादळ आलं.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. अंदमानजवळ उठलेलं वादळ सिलोन ओलांडून पाल्कच्या सामुद्रधुनीत शिरलं होतं. ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर रात्री ११.५५ ला पांबनहून निघाली. आत ११० उतारू आणि रेल्वेचे ५ कर्मचारी, अशी नोंद सांगितली जाते. विनातिकीट प्रवासी वेगळे, त्यांची नोंद कुठून असणार. धनुष्कोडी थोडंसं उरलं असताना समुद्र दांड्यावरून चालून आला. वीस फुटांहून उंच पाणी. गाडीतलं कोणी वाचलं नाही. गावही गेलं, धक्काही गेला. या वादळात भारत आणि सिलोन मिळून सुमारे १८०० माणसं दगावली असा अंदाज आहे. दांड्यावरचं कोदंडरामाचं देऊळ मात्र टिकलं. शेवटच्या क्षणी ड्रायव्हरने काय केलं, सिग्नल होता की नव्हता, शिट्टी किती वाजली, हे सगळं तिथे रंगवून सांगतात. सांगणारं कोण उरलं होतं, एवढाच प्रश्न मला पडतो आणि मी पुढे जातो.

पुलाचे शंभरावर गर्डर, म्हणजे खांबांवरच्या लोखंडी तुळया, समुद्रात पडले. खांब बरेचसे उभे होते, आणि शेरझरचा उघडणारा गाळा शाबूत होता. रेल्वेने दुरुस्तीला ६ महिने धरले. जनरल मॅनेजरनी ते ३ महिन्यांवर आणले. काम दिलं ते ३२ वर्षांच्या एका अभियंत्याकडे. त्याचं नाव ई. श्रीधरन. हो, तेच, ज्यांनी पुढे आपली कोकण रेल्वे बांधली. नवे गर्डर बनवून आणायचे तर महिने जाणार होते. कोळ्यांकडून कळलं की वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडले आहेत, कुठे ते त्यांना माहीत होतं. श्रीधरननी ते शोधून वर काढले आणि खांबांवर पुन्हा चढवले. पहिला गर्डर चढवायला वेळ लागला, मग हात बसला, आणि ४६ दिवसांत पूल चालू झाला. त्यांना १००० रुपयांचं बक्षीस मिळालं. कोकण रेल्वेच्या कौतुकाच्या भाषणांत हा प्रसंग येतो, पण त्या कोळ्यांचं नाव कोणी घेत नाही. मला तर ते अर्धं श्रेय त्यांचंच वाटतं.

आता सुरुवातीचा प्रश्न. पूल उभा राहिला, तो कोणासाठी? पूल पांबनपर्यंत नेतो. तिथून दोन रूळ फुटत होते. रामेश्वरचा फाटा दुरुस्त झाला, कारण तिकडे देव होता, गाव होतं, यात्रेकरू होते, ते कुठे जाणार नव्हते. धनुष्कोडीला होती फक्त बोट. आणि बोट हलवता येते. ती हलवली. तलाईमन्नारची आगबोट रामेश्वरहून सुटायला लागली. करारानुसार मळ्यांवरून परत पाठवलेली माणसं या बोटीने रामेश्वरला उतरली आणि मंडपमच्या छावणीत गेली. ज्या छावणीतून त्यांचे आजे गेले होते, तीच. बोट रामेश्वरला गेल्यावर धनुष्कोडीच्या लाइनला काम उरलं नाही. मद्रास सरकारने गाव राहण्याला अयोग्य ठरवलं, आणि त्यात चूक होती असं मी म्हणणार नाही. पण अशा अयोग्य जागी ५० वर्षं रेल्वेने गाव चालवलंच होतं ना? गरज होती तोवर वाळू, वारा, पाण्याचा तुटवडा, सगळं निभावून नेलं. गरज संपली तेव्हा वादळ हे फार सोयीचं कारण मिळालं. हे माझं मत आहे, यावर वाद घालायला हरकत नाही.

फाटा तेव्हापासून मेन लाइन झाला. चेन्नईहून आजही रामेश्वरला गाडी येते, तिला लोक अजून बोट मेल म्हणतात. बोट मात्र १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीने बंद झाली ती झालीच. पलीकडची तलाईमन्नारची लाइन युद्धात उखडली होती. ती भारताच्या इरकॉन कंपनीने पुन्हा घातली आणि मार्च २०१५ मध्ये तिकडे गाडी पुन्हा धावली. म्हणजे त्या काठाला गाडी आहे, या काठाला नाही.

पांबनचा पूल त्यानंतर बराच काळ चालला. २००७ मध्ये मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. खारा वारा लोखंड खातो, त्यामुळे रंगकाम आणि दुरुस्ती बारमाही. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की गाडी थांबवत. २०२२ च्या डिसेंबरात जुन्या पुलावरची वाहतूक थांबवली. शेजारी नवा पूल झाला, तो ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीला, सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो, १७ मीटर. विजेवर. पाहण्यासारखा आहे, पण माझा जीव जुन्यात अडकलेला आहे.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. रामेश्वरहून डांबरी रस्ता थेट टोकापर्यंत जातो, त्या जागेला अरिचलमुनै म्हणतात. हा रस्ता २०१७ चा. त्याआधी टेम्पोत बसून वाळूतून आणि पाणथळीतून आदळत जावं लागे, आणि तेव्हाचे लोक आता म्हणतात की खरी मजा तीच होती. मला तसं वाटत नाही. त्या टेम्पोंनी पाणथळीची फार नासाडी केली. रस्त्याने एक भलतंच होतं मात्र: माणसं सरळ टोकाला जातात आणि मधलं काही पाहत नाहीत. माझी विनंती, जाताना टोकाला जा, येताना जुन्या गावात उतरा आणि सावकाश फिरा. चर्चच्या भिंती जवळून बघा. त्यात प्रवाळाचे दगड आहेत, शिंपल्यांचे ठसे दिसतात. विटा आणायला लांब जाण्याऐवजी समुद्रानेच दिलेला दगड वापरला होता. पुढे स्टेशनाची इमारत, टाकी. रुळाचा भराव आता वाळूत मिसळून गेला आहे, पण स्टेशनच्या रोखाने पाहिलं तर तो कुठून येत असेल याचा अंदाज बांधता येतो. ज्या बाजूला वारा आहे त्या बाजूने वाळूच्या टेकड्या रस्त्यावर सरकतात, कधी रस्ता बुजतो आणि यंत्र लावून काढावा लागतो. रूळ असताना गँगमनला काय काय करावं लागत असेल, ते तिथे उभं राहून कळतं.

हिवाळ्यात गेलात तर उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसतील. २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी तिथे अभयारण्य जाहीर केलं. त्यांच्यामागे ड्रोन उडवू नका, एवढं तरुण मंडळींना सांगतो.

शेवटी काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत, ते घेतो.

‘टोकाला समुद्रात उतरता येतं का?’ नाही. दोन पाण्यांचे प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात आणि वाळू पायाखालून सरकते. संगमस्नान करायचं असेल तर स्थानिक माणूस सांगेल तिथेच, गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नका. अंधार पडायच्या आत पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

‘श्रीलंका दिसते का?’ लोक दिसते म्हणतात. रात्री मोबाइलला तिकडचं नेटवर्क मिळतं असंही म्हणतात. तुम्ही दुर्बीण न्या. आणि बोटीने श्रीलंकेला जायचंच असेल तर आता नागपट्टिनमहून जावं लागतं. तिथून कांकेसंतुरैची सेवा २०२३ मध्ये सुरू झाली.

‘धनुष्कोडीला गाडी पुन्हा जाणार का?’ २०१९ मध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी अशा साधारण १७ किलोमीटरच्या लाइनचं भूमिपूजन झालं होतं. रूळ पडलेले नाहीत. पडू नयेत असं माझं मत. जुन्या लाइनला तिच्या टोकाला बोट होती. नव्या लाइनच्या टोकाला काय असणार? फोटो काढायची जागा. त्यासाठी त्या दांड्यावर भराव घालायचा, दोन समुद्रांची वाळू अडवायची, आणि पुढच्या डिसेंबरात वाऱ्याचा वेग बघत बसायचं. बस आहे, ती पुरेशी आहे.

‘गोडं पाणी आम्हीही खणून काढू का?’ काढू नका. ते तिथल्या घरांचं आहे. तहान लागली तर विकत घ्या, बाटली मात्र परत आणा.